सुयांवर राहिलेली विणकामे



आपल्यापैकी बऱ्याच घरांत कपाटाच्या खालच्या खणात एक कापडी पिशवी असते. ती एकदा उघडून पाहावी. पाठ पुरी झालेला आणि पुढा निम्म्यावर थांबलेला स्वेटर तीत सापडतो, एकच पायमोजा सापडतो, बाळाच्या टोपड्याचा नुसता काठ सापडतो आणि तळाशी लोकरीचा एखादा गुंडा असतो, ज्याला अजून सुई लागलेलीच नाही. विणण्याची आवड असलेली अक्का किंवा मावशी घरात असेल तर अशा पिशव्या दोन-तीनही निघतील. घरातली मंडळी तिची थट्टा करतात. तीही हसते, आणि त्याच संध्याकाळी बाजारातून आणखी चार लडी घेऊन येते.

एका वेळी अनेक विणकामे हाती घेणे यात काही दोष आहे काय? असला तर तो नेमका कोठे आहे? प्रश्न किरकोळ वाटेल. स्वेटर अर्धा राहिला म्हणून कोणाचे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या परंपरेत दोर वळणाऱ्याचे, कपडे धुणाऱ्याचे आणि सांडलेले तांदूळ वेचणाऱ्याचे काम हा साधनेचा विषय मानला गेला, तिच्या वाचकांनी तरी हातातल्या कामाला किरकोळ म्हणू नये. म्हणून आज थोडे सुयांकडे पाहू.

पहिल्यांदा एक साधी गोष्ट लक्षात घ्या. मागावर हा प्रश्न उद्भवतच नाही. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत ज्यांनी हातमाग पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. मागावर उभे सूत ताणून बसवले की तो माग त्या एका कापडाचा झाला. साडी पुरी होऊन खाली उतरल्याशिवाय दुसरी साडी तेथे सुरू करता येत नाही. विणकराला कंटाळा येवो, नवा रंग डोळ्यांसमोर नाचो, समोरचे कापड त्याला पुरे करावेच लागते. आद्य वचनकारांत ज्यांची गणना होते ते जेडर दासिमय्या विणकर होते. त्यांच्या हातांना ही शिस्त मागानेच लावली असेल. सुयांचे तसे नाही. दोन सुया आणि एक गुंडा एवढाच काय तो संसार. स्वेटर अर्धा सोडून पिशवीत टाकला, दुसऱ्या दोन सुया घेतल्या, नवे टाके घातले, की नवे काम सुरू. थांबवणारे बाहेर कोणी नाही. मराठीत आपण दोन्हींना विणणेच म्हणतो. कन्नडात मात्र मागावरच्या कामाला नेय्गे आणि सुयांवरच्या कामाला हेणिगे असे वेगळे शब्द आहेत, आणि मला तो भेद बरा वाटतो. मागाची शिस्त मागात असते. सुयांची शिस्त विणणारीला स्वतःच्या मनात आणावी लागते.

आता विणणारीची बाजू नीट ऐकून घेऊ, कारण ती पुष्कळदा ऐकलीच जात नाही. एकच काम सतत केले तर हात दुखतो. जाड लोकर आणि ८ नंबरच्या सुया यांवर दोन तास विणल्यावर बारीक लोकर आणि १२ नंबरच्या सुया घेतल्या की पकड बदलते आणि अंगठ्याच्या मुळाला विसावा मिळतो. (आपल्याकडे जुने नंबर चालतात; त्यांत आकडा वाढला की सुई बारीक होते.) शिवाय प्रत्येक विणीची वेळ वेगळी असते. वेणीची नक्षी घातलेला पुढा विणताना टाके मोजावे लागतात, कागद समोर ठेवावा लागतो. ते काम दुपारी घर शांत झाल्यावरच होते. दोन सुलट दोन उलट असा साधा मफलर मात्र गप्पा मारताना, एसटीत बसल्यावर, दवाखान्यात नंबर येईपर्यंत खुशाल विणता येतो. प्रवचन ऐकताना विणावे की नाही, यावर मतभेद आहेत. माझे मत विचाराल तर हात साध्या विणीत गुंतले असता कान जास्त उघडे राहतात. पूजेच्या वेळी मात्र सुया पिशवीतच बऱ्या. तर असा एक नक्षीचा आणि एक साधा, अशी दोन कामे जिने हाती ठेवली आहेत तिला कोणी चंचल म्हणू नये. ती दिवसातील दोन प्रकारच्या वेळा दोन कामांना देते आहे, आणि एरवी ज्या वेळेचे काहीच झाले नसते त्या वेळेचा मफलर होतो आहे.

आणखी एक कारण आहे, ते तर टाळताच येत नाही. मोठ्या दिराचा स्वेटर निम्म्यावर असताना धाकट्या जावेला दिवस गेल्याचे कळते. बाळ काही स्वेटर पुरा होण्याची वाट पाहणार नाही. अशा वेळी मोठे काम खाली ठेवून अंगडे-टोपडे आधी विणणे हेच योग्य. दिराला मागच्या वर्षीचा स्वेटर आहे, बाळाला काहीच नाही.

एवढे मान्य केल्यावर जे उरते ते तपासू, आणि त्यासाठी थोडा हिशेब मांडू. हिशेबाला घाबरू नका, तो बोटांवर करण्यासारखा आहे. मध्यम लोकरीत १० सेंटीमीटर रुंदीत साधारण २२ टाके आणि १० सेंटीमीटर उंचीत ३० ओळी बसतात. म्हणजे तळहाताएवढ्या चौकोनात ६६० टाके. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरमध्ये असे सुमारे १०० चौकोन धरले तर ६६,००० टाके होतात. मिनिटाला २५ टाके अशा बेताच्या गतीने ४४ तास लागतील. संसार सांभाळून रोज एक तास मिळाला तर एक स्वेटर ४४ दिवसांचा.

समजा, १ नोव्हेंबरला सुरुवात केली आणि तीन स्वेटर विणायचे आहेत: सासऱ्यांचा, यजमानांचा आणि मुलाचा. मुलगा कॉलेजात जाणारा आहे, त्याचे माप आता बापाएवढेच, म्हणून तिन्ही सारखेच धरू. एकामागून एक विणले तर पहिला १४ डिसेंबरला, दुसरा २७ जानेवारीला आणि तिसरा १२ मार्चला पुरा होतो. आता दुसरी रीत पाहा. आज सासऱ्यांचा, उद्या यजमानांचा, परवा मुलाचा, असे आलटून पालटून विणले. कोणावर अन्याय नको म्हणून तिघांनाही सारखा वेळ दिला. मग पहिला स्वेटर १० मार्चला, दुसरा ११ मार्चला आणि तिसरा १२ मार्चला उतरतो. तिसऱ्याला काहीच लाभ झाला नाही, त्याची तारीख तीच राहिली. पहिल्या दोघांचा मात्र सगळा हिवाळा वाया गेला. शिवरात्रीला थंडी आपला निरोप घेते असे आपण म्हणतो. ग्वाल्हेरकडच्या वाचकांनाही त्यानंतर स्वेटरची फारशी गरज उरत नाही. डिसेंबरच्या पहाटे अंगणात शाल गुंडाळून बसणाऱ्या म्हाताऱ्याला मार्चमध्ये स्वेटर मिळाला, तर विणणारीचे कष्ट तेवढेच झाले, लोकर तेवढीच लागली आणि ऊब मात्र मिळाली नाही.

हा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो विणणारीला आळशी ठरवत नाही. ती रोज तासभर इमानाने बसली आहे. टाके तेवढेच पडले आहेत. तिच्या मनात तिघांविषयी सारखेच प्रेम आहे. तरीही दोघे जण थंडीत राहिले. सगळ्यांना सारखे म्हणून सगळ्यांना थोडे थोडे दिले, आणि जे थोडे दिले ते अंगावर घालता येण्याजोगे नव्हते. पोळी वाटून देता येते, स्वेटर वाटून देता येत नाही. आठवड्यात एक बाही मिळाली तर तिचा उपयोग काय? जी वस्तू पुरी झाल्याशिवाय उपयोगी पडत नाही तिच्या बाबतीत समानता पाळायची असेल तर क्रम लावावा लागतो. आणि क्रम लावायचा म्हणजे कोणाला थंडी जास्त वाजते हे आधी पाहावे लागते. ते कठीण असते, म्हणून आपण आलटून पालटून विणतो आणि मनाला समजावतो की आपण सर्वांचे करतो आहोत.

आपल्या परंपरेतील दोन शब्द येथे आठवतात, कायक आणि दासोह. कायकाविषयी आपण पुष्कळ बोलतो, दासोहाचा अर्थ मात्र बऱ्याचदा मठातील अन्नाच्या पंगतीपुरताच घेतो. श्रमाने जे निर्माण झाले ते दुसऱ्यापर्यंत पोहोचावे, असा त्याचा साधा आशय आहे. सुयांवर लटकलेल्या स्वेटरात कायक पुष्कळ असते. पन्नास हजार टाक्यांचे असते. पण ते पोहोचलेले नसते. पिशवीत ठेवलेल्या अशा पाच कामांचा अर्थ मला तरी असा दिसतो की श्रम झाले, आणि देणे राहिले.

मग ते देणे का राहते? वेळ मिळत नाही हे उत्तर सगळे देतात. ते पुरते खरे नाही. ज्या आठवड्यात जुना स्वेटर पुरा करायला वेळ नव्हता, त्याच आठवड्यात नव्याचे टाके घातले गेले, तेव्हा वेळ होताच. खरे कारण विणीत आहे. सुरुवात गोड असते. नवी लोकर हाताला लागते, रंग मनासारखा असतो, काठाच्या दहा-बारा ओळी भराभर होतात आणि काम वाढताना दिसते. शेवटही बरा असतो, कारण तो दिसू लागलेला असतो. मधला पल्ला मात्र कठीण. काठ संपल्यापासून काखेचे टाके कमी करेपर्यंत तीस-पस्तीस सेंटीमीटर नुसती सरळ वीण असते. आज विणले त्याचे उद्या काही दिसत नाही. नव्या गुंड्याकडे डोळा जातो तो येथेच. म्हणून पिशवीतली कामे पाहा, बहुतेक सगळी काठ संपून चार बोटे वर आलेली असतात.

अर्धे काम मनाला टोचत राहते असे आपण ऐकतो, त्यात तथ्य आहे. ब्लूमा झायगार्निक या विदुषीने बर्लिनमध्ये केलेल्या प्रयोगांवरून १९२७ साली मांडले की, मध्येच थांबवलेली कामे माणसाला पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, मारिया ओव्सियांकिना यांनी दाखवले की अडवलेला माणूस संधी मिळताच त्या कामाकडे परत वळतो. आठवणीविषयीचा पहिला निष्कर्ष नंतरच्या प्रयोगांत सगळीकडे टिकला नाही. परत वळण्याची ओढ मात्र बरीचशी टिकून राहिली. मग आपली पिशवी तशीच का पडून राहते? मला वाटते, त्या प्रयोगांत माणसाला दुसऱ्या कोणी अडवले होते. स्वयंपाकाला उठावे लागले म्हणून सुया खाली ठेवल्या तर आपणही रात्री परत येतोच. पण कंटाळून आपणच उठलो, आणि उठून दुसरी सुरुवात केली, तर पहिल्या कामाची ओढ राहत नाही. तिच्या जागी एक संकोच येतो. मग पिशवी खालच्या खणात जाते, कारण वर ठेवली तर दिसते.

संकोचाच्याही खाली आणखी एक गोष्ट असते. ती अनेक विणणाऱ्या बायकांना पाहून माझ्या ध्यानात आली. स्वेटर सुयांवर असेपर्यंत त्याला कोणी नावे ठेवू शकत नाही. बाही लांब झाली, गळा घट्ट झाला, रंग शोभत नाही, हे सगळे अंगात घातल्यानंतर कळते. तोपर्यंत तो मनातल्या स्वेटरासारखाच असतो. टाके बंद केले की तो आपल्या हातून गेला. ज्याचा आहे त्याचा झाला. तो त्याला आवडो, न आवडो, तो जपून ठेवो किंवा पहिल्याच दिवशी त्यावर भाजी सांडो. दासिमय्यांविषयी एक कथा सांगतात. त्यांनी पुष्कळ दिवस खपून एक उत्तम वस्त्र विणले. ते मागायला एक वृद्ध जंगम आला, आणि दिल्यावर त्याने ते सर्वांसमक्ष फाडले. दासिमय्यांनी राग धरला नाही. कथेत तो जंगम प्रत्यक्ष शिव असतो आणि पुढे प्रसादही मिळतो. पण तो भाग बाजूला ठेवून फक्त फाडण्याच्या क्षणापाशी थांबून पाहा. कितीतरी दिवसांचे काम डोळ्यांदेखत फाटते आहे आणि विणणारा शांत उभा आहे, कारण दिलेले वस्त्र आता त्याचे राहिलेले नाही. हे आपल्याला जमते काय? मला शंका आहे. आपण मुलीला दिलेला स्वेटर तिने मोलकरणीला दिला असे कळले तर चार दिवस बोलत नाही. ज्याला वस्तू सोडता येत नाही त्याला ती पुरीही करवत नाही, असे पुष्कळदा दिसते.

लोकर साठवण्याविषयी थोडे बोलायला हवे, कारण अनेक कामांची सुरुवात तेथूनच होते. दुकानात लुधियानाची नवी लोकर आली, रंग आवडला, किंमत उतरली होती, म्हणून दहा लडी घेतल्या. कोणासाठी? ते अजून ठरलेले नाही. येथे आयदक्की लक्कम्मांची कथा आठवावी. पती मारय्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एक दिवस त्यांनी नेहमीपेक्षा जास्त आणले, तेव्हा लक्कम्मांनी जास्तीचे परत नेऊन टाकायला सांगितले. ते तांदूळ चोरीचे नव्हते, वेचलेलेच होते. तरी आजच्या गरजेपलीकडचे होते. कोणी म्हणेल, लोकर काही तांदळासारखी रोज मिळत नाही, एका लॉटचा रंग दुसऱ्या लॉटला जुळत नाही, म्हणून पुरेशी एकदमच घ्यावी लागते. हे बरोबर आहे आणि अनुभवी विणणारी लेबलावरचा लॉट नंबर पाहूनच घेते. पण पुरेशी म्हणजे एका ठरलेल्या अंगाला पुरेशी. ज्या लोकरीला अंग ठरलेले नाही तिला पुरेसे हा शब्दच लागू होत नाही. ती ट्रंकेत राहते, आणि खरी लोकर असेल तर तिला कसर लागते. कसर अॅक्रिलिकच्या लोकरीला खात नाही, हे खरे. तेवढ्यावर समाधान मानायचे असेल तर माना.

आता ज्यांच्या हाती दोन-तीन कामे न्याय्य कारणाने आहेत त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. अर्धे काम नीट ठेवणे हाही कामाचाच भाग आहे.

ओळीच्या मध्ये कधीही थांबू नये. ओळ पुरी करून मगच सुया ठेवाव्यात. मध्ये थांबले की परत घेताना कोणत्या बाजूने चाललो होतो ते कळत नाही, आणि दोन सुयांमधला टाका ताणून ढिला पडतो. काम आठ-पंधरा दिवसांपेक्षा जास्त थांबणार असेल तर टाके सुईवर ठेवू नका. बोथट टोकाच्या दाभणाने वेगळ्या रंगाच्या दोऱ्यावर ओवून घ्या. सुईवर महिनोनमहिने राहिलेले टाके ताणतात आणि धुतल्यावरही तेथे आडवी रेघ दिसत राहते. शिवाय अडकलेल्या सुया मोकळ्या होतात. घरात १० नंबरच्या दोनच सुया असाव्यात आणि त्या कोणत्या तरी विसरलेल्या स्वेटरात अडकलेल्या असाव्यात, हा अनुभव फार घरांत आहे.

सर्वांत महत्त्वाचा तो कागद. सुईचा नंबर, घातलेले टाके, झालेल्या ओळी, किती ओळींनी किती टाके कमी करायचे, हे एका चिठ्ठीवर लिहून ती टाचणीने विणीलाच लावावी. तिच्यावर एक ओळ आणखी असावी, हे कोणासाठी आहे आणि केव्हा लागणार आहे. नाव लिहिताना हात अडला तर ते काम कशासाठी सुरू केले याचा विचार तेथेच होतो. कॉलेजातल्या मुलाचे माप ठरून गेलेले असते, पण चार वर्षांच्या मुलाचे माप वर्षभर थांबत नाही. या थंडीसाठी घातलेला काठ पुढच्या थंडीत त्याच्या छातीला पुरणार नाही. विसरलेल्या मफलरला काही होत नाही. विसरलेला बालस्वेटर मात्र पिशवीतल्या पिशवीत लहान होत जातो.

आणि एक युक्ती, जी जुन्या बायका करीत आणि अलीकडे कमी दिसते. दोन्ही बाह्या एकाच वेळी, एकाच जोडीच्या लांब सुयांवर, दोन गुंडे घेऊन विणाव्यात. एका ओळीत आधी डावी बाही, मग उजवी. दोन्हींचे टाके एकाच ओळीला कमी होतात, लांबी एकसारखी येते, आणि एक बाही झाली म्हणून सुटका झाल्यासारखे वाटून दुसरी राहून जाण्याचा प्रश्नच येत नाही. एका वेळी दोन कामे करण्याचा याहून चांगला प्रकार मला ठाऊक नाही. दोन्ही मिळून एकाच अंगाची आहेत.

१९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा बर्फात उभ्या असलेल्या जवानांपाशी पुरेसे गरम कपडे नव्हते, आणि देशभर घराघरांतून बायका त्यांच्यासाठी स्वेटर आणि मोजे विणायला बसल्या. ते कोणाच्या अंगात जाणार हे विणणारीला ठाऊक नव्हते, आवडला की नाही हे कळण्याचा मार्ग नव्हता. तरी ते पुरे झाले, कारण हिमालयात थंडी आहे एवढे सर्वांना ठाऊक होते. पिशवीतल्या कामावर चिठ्ठी लावताना आपण नेमके हेच विचारीत असतो, थंडी कोणाला वाजते आहे.

शेवटचा भाग थोडा कठीण आहे. काही कामे पुरी करू नयेत. मूल मोठे झाले, त्याचे माप गेले. किंवा ज्यांच्यासाठी विणत होतो ते माणूसच गेले. सासऱ्यांचा स्वेटर पाठ पुरी होऊन पुढ्यावर आला होता आणि ते लिंगैक्य झाले. अशी विण उसवायला कोणाचा हात धजत नाही. घरातली कोणीतरी म्हणते, राहू दे, आठवण म्हणून. मला हे म्हणणे समजते, पण पटत नाही. आठवण ठेवायची तर पुरे झालेल्या वस्तूची ठेवावी. त्यांनी वापरलेला जुना स्वेटर आहे, चष्मा आहे, काठी आहे. सुयांवर अडकलेल्या अर्ध्या पुढ्यात ते नाहीत, आपले राहिलेले काम आहे; आणि ते पाहताना दर वेळी आपल्याला आपलेच दुःख होते. ज्यांना मनापासून ठेवायचे वाटते त्यांनी ठेवावे, त्यात पाप नाही. पण उसवणे म्हणजे त्यांना विसरणे, असे मात्र मानू नका. लोकर त्यांच्यासाठी आणली होती आणि कोणाला तरी ऊब मिळावी म्हणून आणली होती.

उसवताना घाई करू नये. दोघींनी बसावे, एकीने उसवावे, दुसरीने खुर्चीच्या पाठीवर किंवा गुडघ्यांभोवती लडी गुंडाळावी. चार ठिकाणी सैल गाठ मारून लडी कोमट पाण्यात भिजवावी, पिळू नये. खालच्या टोकाला थोडे वजन बांधून सावलीत टांगावी. टाक्यांमुळे पडलेल्या कुरळ्या वळ्या जातात आणि धागा पुन्हा सरळ होतो. वाळायला दोन दिवस लागतात. एका पाठीच्या आणि अर्ध्या पुढ्याच्या लोकरीत लहान मुलांच्या चार कानटोप्या सहज होतात, आणि एक कानटोपी दोन-तीन संध्याकाळी पुरी होते.